सामान्य मानसशास्त्राचे पहिले वर्ष : वर्गातील अनुभव आणि काही निष्कर्ष

कला शाखेच्या पहिल्या वर्षाला सामान्य मानसशास्त्र हा विषय घेणारा विद्यार्थी बहुधा दोन अपेक्षा मनात धरून वर्गात येतो. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची काही तरी युक्ती येथे शिकवतात, ही त्यांतली पहिली अपेक्षा, आणि स्वतःच्या मनातली भीती, न्यूनगंड, विसराळूपणा किंवा चिडचिड यांवर येथे उपाय सापडेल, ही दुसरी. प्रत्यक्षात त्याच्या हाती पडणाऱ्या पाठ्यपुस्तकात आधी या शास्त्राची व्याख्या, इतिहास आणि अभ्यासपद्धती, मग चेतापेशी व मेंदूची रचना, आणि पुढे अवधान, संवेदन, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व अशी प्रकरणे ओळीने लागलेली असतात, व मन ओळखण्याची युक्ती त्यांपैकी एकाही प्रकरणात नसते. हा विषय मराठी माध्यमातून दीर्घकाळ शिकवणाऱ्या अध्यापकाच्या अनुभवाला असे येते, की पहिल्या काही आठवड्यांत होणारा हा अपेक्षाभंग विद्यार्थी कसा पचवतो यावर त्याचे पुढचे सगळे वर्ष अवलंबून राहते. काही विद्यार्थी ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणून व्याख्या घोकू लागतात, तर काहींच्या लक्षात येते की तपासायचे पहिले मन आपलेच आहे आणि ते आपण समजत होतो तितके भरवशाचे नाही. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी वाढावेत यासाठी व्याख्यानापेक्षा बाकावर बसून करता येणारे छोटे प्रयोग अधिक उपयोगी पडतात, हे या अनुभवाचे सार असून पुढील विवेचन त्याच अनुरोधाने केले आहे.

इतिहासाचे प्रकरण बहुतेक वर्गांत घाईने उरकले जाते. विल्हेम वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्राच्या स्वतंत्र विभागाची धुरा आली, एवढ्या दोन नोंदी वहीत उतरल्या की विद्यार्थ्याला हे प्रकरण संपले असे वाटते. परंतु आत्मनिरीक्षण, म्हणजे स्वतःच्या मनात घडणारे अनुभव स्वतःच पाहून त्यांचे वर्णन करण्याची पद्धत, का मागे पडली हा या प्रकरणातील प्रश्न टाळता येण्यासारखा नसतो. विचार करताना मनात प्रतिमा असतेच का, या एका मुद्द्यावर जर्मनीतील वुर्झबुर्गच्या अभ्यासकांना आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या टिचनर यांना परस्परविरोधी उत्तरे मिळाली. दोन्हीकडचे निरीक्षक प्रशिक्षित होते आणि दोन्हीकडे निष्ठेने काम झाले होते, तरी कोणाचे उत्तर बरोबर हे ठरवण्याचा मार्ग कोणाकडेही नव्हता, आणि १९१३ मध्ये वॉटसन यांनी मानसशास्त्राने केवळ बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा असा आग्रह धरला त्यामागे ही अडचण होती. ‘माझ्या मनात काय आहे ते मला माहीत असतेच’ या विधानाला वर्गात पहिला धक्का येथे बसतो, पण तो ऐकीव असल्यामुळे फार काळ टिकत नाही.

टिकणारा धक्का संवेदनाच्या प्रकरणात बसतो. इंद्रियांकडून आलेल्या माहितीला अर्थ देण्याच्या प्रक्रियेला संवेदन म्हणतात, आणि तिचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये फ्रान्झ म्युलर-लायर यांनी दाखवून दिलेला भ्रम वर्गाला सर्वाधिक सोयीचा पडतो. समान लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेल्या फाट्या काढल्या की दुसरी रेषा लांब दिसू लागते. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत सरकतील अशा बसवल्या की उपकरण तयार होते. प्रयोग घेणारा तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयुक्त अशी जोडी ठरते, प्रयुक्ताने दोन्ही रेषा सारख्या दिसेपर्यंत पट्टी सरकवायची असते, आणि सरकवण्याच्या दिशेचा परिणाम निघून जावा म्हणून निम्म्या वेळा ती आतून बाहेर व निम्म्या वेळा बाहेरून आत न्यायची असते. पाठीमागच्या मोजपट्टीवर दिसणारा फरक मिलिमीटरमध्ये नोंदवून त्याची सरासरी काढली की प्रयुक्ताच्या भ्रमाचे माप मिळते. भ्रमाची पूर्ण माहिती असलेला, किंबहुना आदल्याच दिवशी त्यावर टिपण लिहिलेला विद्यार्थीही त्याच दिशेने चुकतो, हे पाहून वर्गात जी अस्वस्थता पसरते ती कोणत्याही व्याख्यानाने पसरत नाही, कारण माहिती असणे आणि दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा पुरावा तेव्हा त्याच्या स्वतःच्या अक्षरात वहीवर असतो.

या प्रयोगाला भारताशी जोडणारा एक धागा आहे आणि तो वर्गात सांगितला पाहिजे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश संशोधकांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत तेथील बेटांवरच्या लोकांवर आणि त्यानंतर निलगिरीतील तोडा जमातीवर हा भ्रम तपासला, तेव्हा दोन्हीकडे तो इंग्रज प्रयुक्तांपेक्षा कमी प्रमाणात आढळला. ज्यांना त्या काळचे युरोपीय ‘मागासलेले’ म्हणत होते त्यांचे डोळे या बाबतीत कमी फसत होते. पुढे १९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी अनेक समाजांतील तुलना प्रसिद्ध केली आणि काटकोनी बांधकामांच्या परिसरात वाढण्याचा या भ्रमाशी संबंध असावा असे सुचवले. हे स्पष्टीकरण आजही वादातीत नाही, पण ज्या प्रक्रिया आपण उपजत व सार्वत्रिक समजतो त्यांवर परिसराची छाप असू शकते, हा विचार विद्यार्थ्याला येथे प्रथम भेटतो.

अवधानाच्या प्रकरणात १९३५ मध्ये स्ट्रूप यांनी केलेला प्रयोग देवनागरीत सहज करता येतो. हिरव्या शाईत ‘लाल’, निळ्या शाईत ‘पिवळा’ असे शब्द लिहून विद्यार्थ्याला शब्द न वाचता केवळ शाईचा रंग सांगायला लावले की तो अडखळतो, आणि रंगीत ठिपक्यांचे रंग सांगायला लागणाऱ्या वेळेपेक्षा या यादीला लागणारा वेळ स्पष्टपणे अधिक भरतो, कारण वाचन इतके सवयीचे झालेले असते की ते थांबवणे त्याच्या हातात राहत नाही. हेच शब्द इंग्रजीत लिहून दिले तर मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला होणारा अडथळा बहुधा कमी असतो, कारण अडथळ्याचे प्रमाण त्या भाषेच्या वाचनावरील प्रभुत्वाशी निगडित असते. येथे एक शैक्षणिक लाभ अनायास होतो. प्रयोगकर्ता जी बाब स्वतः बदलतो ते स्वाश्रयी परिवर्त्य आणि तिच्यामुळे जी बदलते ते पराश्रयी परिवर्त्य, ही व्याख्या एरवी पाठ होते आणि परीक्षेत उलटीसुलटी लिहिली जाते, पण शब्द व शाई यांचा मेळ हे पहिले आणि लागलेले सेकंद हे दुसरे, असे एकदा हाताने मोजले की सहसा तो घोटाळा पुन्हा होत नाही.

स्मृतीचे प्रकरण विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे वाटते, कारण परीक्षेची भीती त्याच्याशी बांधलेली असते. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रयुक्त एकच होता आणि तो म्हणजे ते स्वतः. पूर्वीच्या ओळखीचा फायदा होऊ नये म्हणून त्यांनी व्यंजन, स्वर, व्यंजन अशा रचनेचे निरर्थक शब्दावयव तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले यावरून किती लक्षात राहिले ते मोजले. ही बचत एका तासानंतर निम्म्याहून कमी, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि एका महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश उरली, म्हणजे विस्मरण सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर मंदावते. मराठीत असे निरर्थक अवयव बनवणे हे वर्गातले एक स्वतंत्र काम होऊन बसते, कारण दोन अक्षरे जुळवली की ‘कट’, ‘गप’, ‘टक’ असा काही तरी अर्थ निघतोच, आणि एका विद्यार्थ्याने खात्रीने निरर्थक ठरवलेला अवयव दुसऱ्याच्या गावाकडच्या बोलीत चालता-बोलता शब्द असतो. यादी अशी पुन्हा पुन्हा गाळताना प्रयोगाआधी साधने किती काळजीने घासूनपुसून घ्यावी लागतात हे विद्यार्थ्याला कळते, आणि पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे किती काम असते याचा अंदाज त्याला येतो.

स्मृती ही घडलेल्या गोष्टीची तंतोतंत नोंद असते ही समजूत मात्र एबिंगहाउस यांच्या प्रयोगाने हलत नाही. त्यासाठी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा अभ्यास घ्यावा लागतो. मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून त्यांनी काही प्रयुक्तांना गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता असे विचारले, आणि इतरांना त्याच प्रश्नात सौम्य क्रियापद वापरून विचारले. सर्वांत कठोर क्रियापद ऐकणाऱ्यांचा अंदाज सरासरीने ताशी ४० मैलांपुढे गेला, तर सर्वांत सौम्य क्रियापद ऐकणाऱ्यांचा ३२ मैलांच्या आसपास राहिला. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आठवड्याने फुटलेली काच पाहिली का असे विचारले असता, चित्रफितीत काच फुटलेली नसतानाही, कठोर क्रियापद ऐकलेल्या गटातील ३२ टक्के प्रयुक्तांनी होकार दिला, तर धडकणे हे साधे क्रियापद ऐकलेल्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. हा प्रयोग मराठीत करताना छोट्या वर्गात फरक दर वेळी दिसतोच असे नाही. तसे झाले की काही विद्यार्थी मूळ संशोधन खोटे ठरवायला निघतात आणि काही स्वतःचे आकडे जुळवून आणायला. हे दोन्ही मोह अध्यापकाने त्याच तासाला हाताळणे आवश्यक असते, कारण लहान नमुन्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो आणि न जुळलेला निष्कर्षही तसाच लिहायचा असतो, हे शिकवण्याची त्याहून चांगली वेळ वर्षभरात येत नाही.

स्मृतीच्या अभ्यासाचा थेट उपयोग विद्यार्थ्याच्या अभ्यासपद्धतीला होऊ शकतो, आणि तरीही या उपयोगाला सर्वाधिक विरोध मानसशास्त्राच्या वर्गातच होतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत अधिक आठवते, परंतु एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतरच्या चाचणीत अधिक आठवते, आणि तेथे हे प्रमाण अनुक्रमे ४२ व ५६ टक्के होते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे वाटू लागते, तर आठवून लिहिताना कष्ट पडतात आणि आपल्याला काही येत नाही असे वाटते. हा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत मुद्देसूद मांडणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच प्रकरणावर तिसऱ्यांदा रंगीत पेन फिरवत बसलेला असतो. ज्ञानाचे आचरणात रूपांतर आपोआप होत नाही, ही गोष्ट मानसशास्त्राने इतरांविषयी सांगितली असली तरी ती या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांनाही तितकीच लागू आहे.

अध्ययनाच्या प्रकरणातील एक घोटाळा दरवर्षी नेमाने होतो. वर्तनानंतर काही सुखद मिळाल्यामुळे ते वर्तन वाढले तर त्याला धन प्रबलन म्हणतात, काही त्रासदायक गोष्ट दूर झाल्यामुळे वाढले तर ऋण प्रबलन म्हणतात, आणि वर्तन घटवणाऱ्या परिणामाला शिक्षा म्हणतात. मोटारीत पट्टा न लावल्यास वाजत राहणारा आणि लावताच थांबणारा आवाज हे ऋण प्रबलनाचे सरळ उदाहरण आहे, तरीही बहुसंख्य उत्तरपत्रिकांत ऋण प्रबलन म्हणून छडी, दंड किंवा बोलणी यांची उदाहरणे लिहिलेली असतात. व्याख्या पुन्हा सांगून हा घोटाळा मिटत नाही. वर्तन वाढले की घटले आणि काही मिळाले की टळले, हे दोन प्रश्न घरातल्या, एसटी स्थानकावरच्या, दुकानातल्या प्रसंगांना लावून पाहायला दिले तरच तो मिटतो, आणि मग विद्यार्थी स्वतःच सांगू लागतात की रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या आईच्या बाबतीत मुलाचे रडणे धन प्रबलनाने वाढते आणि आईचे मोबाइल देणे ऋण प्रबलनाने.

बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व ही प्रकरणे आली की वर्गाची उपस्थिती वाढते, कारण प्रत्येकाला स्वतःविषयी एखादा आकडा किंवा शिक्का हवा असतो. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची १९०५ ची चाचणी पॅरिसमधील शाळांत जादा मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी होती, माणसांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी नव्हती, हे येथे सांगावे लागते. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली, म्हणजे येथील मुलांच्या मोठ्या गटाला ती देऊन त्यांच्या वयाप्रमाणे तिचे निकष ठरवले, आणि पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला शिक्षणाच्या प्रयोगाशी जोडले. कामत यांच्या कामावरून विद्यार्थ्याला समजते की परकी चाचणी नुसते भाषांतर करून वापरता येत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत बर्ट्राम फोरर यांचा १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग वर्गात हमखास यशस्वी होतो. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या चाचणीवरून काढलेले म्हणून व्यक्तिमत्त्ववर्णन दिले आणि अचूकतेला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, तेव्हा सरासरी ४.२६ आली, आणि नंतर उघड झाले की सर्वांना एकच वर्णन मिळाले होते व त्यातील वाक्ये प्रामुख्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. मराठी वर्तमानपत्रांतील राशिभविष्यावरून तसेच वर्णन तयार करून दिले की वर्गातही असेच घडते, आणि जूनमध्ये मन ओळखण्याची युक्ती मागणारा विद्यार्थी ती युक्ती ज्यांच्याकडे आहे असे भासते त्यांच्याकडे यानंतर वेगळ्या नजरेने पाहतो.

विद्यार्थ्यांची दुसरी अपेक्षा, म्हणजे स्वतःच्या त्रासावर उपाय मिळण्याची, अशी सहज बाजूला सारता येत नाही. तास संपल्यावर दाराशी रेंगाळणारे आणि ‘सर, मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं’ अशी सुरुवात करणारे विद्यार्थी बहुधा स्वतःबद्दल बोलत असतात. दुसरीकडे, विकारांची चार लक्षणे वाचून घरातल्या माणसांना निदाने वाटत सुटणारेही असतात. या दोन्ही प्रसंगी अध्यापकाला स्वतःच्या विषयाची मर्यादा स्पष्टपणे सांगावी लागते. सामान्य मानसशास्त्राची पदवी उपचाराचा अधिकार देत नाही आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी पुढील विहित शिक्षण व १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नागरिकांना दिला आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे. विद्यार्थ्याचे म्हणणे शांतपणे ऐकणे, त्याला योग्य तज्ज्ञापर्यंत पोचवणे आणि निदानाचा मोह आवरणे, एवढेच अध्यापकाचे काम असते, आणि ते नीट केले तर पुरेसे असते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे भाग असते, ती म्हणजे पाठ्यपुस्तकातील सर्वच निष्कर्ष सारख्या बळाचे नाहीत. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्के पुनरावृत्तींतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष आला. १९७१ चा स्टॅनफर्ड कारागृह प्रयोग पुस्तकांत अजूनही ठळकपणे येतो, पण त्यातील पहारेकऱ्यांना कसे वागावे याच्या सूचना मिळाल्या होत्या हे आता उजेडात आले आहे. दृश्य, श्राव्य अशा ‘अध्ययनशैली’नुसार शिकवावे या लोकप्रिय कल्पनेला पुरेसा आधार नाही, असे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले असूनही शिक्षक प्रशिक्षणांत ती शिकवली जाते. हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये लक्ष वेधल्याप्रमाणे या शास्त्रातील प्रयुक्त प्रामुख्याने पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजांतील आहेत, त्यामुळे मराठवाड्यातील किंवा कोकणातील विद्यार्थ्याने ‘माणूस असा वागतो’ हे वाक्य वाचताना ‘कोणता माणूस?’ असे विचारणे पूर्णपणे शास्त्रीय आहे. हे सांगितल्याने विद्यार्थ्याचा विषयावरचा विश्वास उडेल अशी भीती काही अध्यापकांना वाटते. अनुभव उलट आहे, कारण स्वतःच्या चुका शोधून प्रसिद्ध करणारे शास्त्र तरुणांना अधिक विश्वसनीय वाटते.

या सर्व अनुभवावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पारंपरिक रचनेत प्रात्यक्षिके आणि प्रयोगवही बहुधा पदवीच्या नंतरच्या वर्षांत येतात आणि पहिले वर्ष व्याख्यांवर जाते, परंतु ज्या विद्यार्थ्यांचा या विषयाशी संबंध पहिल्या वर्षानंतर संपतो, आणि त्यांची संख्या मोठी असते, त्यांना हे शास्त्र कोणत्या पद्धतीने चालते ते कधीच कळत नाही. भ्रम, अवधान, स्मृती, साक्ष आणि व्यक्तिमत्त्ववर्णन यांवरील वर सांगितलेल्या प्रयोगांना पुठ्ठा, कागद, शाई आणि मोबाइलमधले घड्याळ व एखादी चित्रफीत याहून अधिक काही लागत नाही, आणि एक तास पुरतो. अभ्यासमंडळाने ते पहिल्या वर्षाच्या अंतर्गत मूल्यमापनात बंधनकारक करावेत, आणि तोवर प्रत्येक अध्यापकाने स्वतःच्या वेळापत्रकातून त्यांच्यासाठी तास काढावेत. विद्यार्थ्याने वर्षअखेरीस व्याख्या विसरल्या तरी चालेल, पण स्वतःच्या नजरेवर, आठवणीवर आणि मतावर पुराव्याशिवाय विसंबू नये एवढे जरी तो शिकला, तरी सामान्य मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे काम झाले असे म्हणता येईल.